ड्रायव्हर टाकणारे आमचे साडू

तो फोन माझ्या टाचेखाली फुटला. खरं म्हणजे टेबलावरून फरशीवर पडला तेव्हा काचेला एक बारीकशी चीरच गेली होती. पण मी ‘अरेरे’ म्हणत एक पाऊल मागे सरलो आणि उरलेलं काम टाचेनं पुरं केलं.

टेबलाला धक्का कसा लागला तेही सांगून टाकतो, मागून लपवाछपवी नको. माझ्या दोन्ही हातांत जेवणाचं रिकामं ताट होतं. ते मी स्टिअरिंगसारखं धरलं होतं, तोंडानं गिअर बदलल्याचे आवाज काढत होतो, आणि एका काल्पनिक वळणावर अंमळ जास्तच झुकलो. मी आमच्या साडूंची नक्कल करत होतो. त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर, त्यांच्याच ताटानं. आणि जो फोन मी तुडवला तो त्यांच्या बायकोचा होता. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

साडू खुर्चीतून उठले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला मी हसवू शकतो. ते खाली वाकले आणि म्हणाले, “पाय उचला.” मी उचलला. त्यांनी वर्तमानपत्राचा चतकोर कागद घेतला, फोन त्यावर सरकवला, काचेचे कण बोटानं टिपून टिपून तेही कागदावर घेतले आणि सगळं टेबलावर नेऊन ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताट खरकटं आहे. मोरीत ठेवा.”

त्या रविवारी त्यांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. आमच्या हिला त्यांचा फोन आला, तोही जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. ताईंच्या फोनचा पॅटर्न तुला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. पॅटर्न म्हणजे ते नऊ ठिपके जोडून काढायचं कुलूप. ही म्हणाली, माहीत आहे, माझ्यासमोर हजारदा काढलाय. मग या, म्हणाले. कशाला हवाय असं हिनं विचारल्यावर ते म्हणाले की फोटो पुष्कळ आहेत, आवाज नाही.

ते खरं होतं. ताईंचा, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा आवाज कुठे साठवलेलाच नव्हता. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, पण तिच्यात तीन तास सनई आहे आणि ताई मान खाली घालून बसल्या आहेत. आठ महिने साडू त्या तीन खोल्यांत एकटे राहिले, आणि एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ताई ‘चहा झालाय’ हे कुठल्या सुरात म्हणायच्या ते आपल्याला आठवेनासं झालंय. हे त्यांनी आमच्या हिला सांगितलं. मला ते असलं काही सांगत नाहीत. ताई फोनवर सतत काहीतरी बोलून पाठवत असायच्या, हे त्यांनी पाहिलं होतं. कोणाला, काय, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या फोनमध्ये तो आवाज असणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

काय आहे ते मला ठाऊक होतं. म्हणून तर ताट हातात घेतलं. घाबरलो की मी विनोद करतो.

आता साडूंविषयी सांगायला हवं. सगळं घर त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतं, आणि त्यांना सायकलसुद्धा धड येत नाही. हे नाव मी ठेवलं, पण त्याचं बीज आमच्या सासऱ्यांचं. बावीस वर्षांपूर्वी लग्नाची बोलणी करायला साडू एकटेच आले होते, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून. सासरे कानानं अंमळ मंद. त्यांनी विचारलं, काय करता? साडूंनी एक मोठा श्वास नाकानं घेतला, ‘हंऽ’ असा आवाज केला आणि म्हणाले, “ड्रायव्हर टाकतो.”

सासऱ्यांनी कानामागे हात धरला. मग काळजीनं म्हणाले, “कुठे टाकता?”

“कॉम्प्युटरमध्ये.”

“मावतो?”

धाकटीचं लग्न आधी झालं होतं, म्हणून मी तेव्हा घरात नवा जावई होतो, आतल्या खोलीत बसलो होतो. मी इतका हसलो की सासूबाईंनी मला पाणी आणून दिलं. पलीकडे ताईही हसत होत्या. त्यांनी त्याच हसण्याच्या भरात होकार दिला असावा असा मला दाट संशय आहे. पण साडू हसले नाहीत. त्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला खरंच कळलेलं नाही. म्हणून त्यांनी समजावून सांगितलं: यंत्र नवीन जोडलं की कॉम्प्युटरला ते ओळखू येत नाही. दोघंही आपापल्या जागी शहाणे असतात, पण भाषा वेगळी. मधे एक दुभाषी बसवावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो आधी बसवायचा आणि मग वायर जोडायची. लोक आधी वायर जोडतात, मग कॉम्प्युटर भलतंच काहीतरी समजून बसतो, आणि एकदा त्याचा गैरसमज झाला की तो काढायला फार वेळ जातो.

सासऱ्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला चला म्हणाले.

तेव्हापासून साडू एका औषधांच्या गोदामात तळघरात बसतात. वर माणसं खोकी मोजतात. हल्ली ती खोकी फोननं मोजतात. प्रत्येकाच्या हातात कंपनीचा एक अँड्रॉइड फोन, असे दीडशे-दोनशे. ते पडतात, अडकतात, मुके होतात. मुका झालेला फोन तळघरात येतो. साडू त्याला वायर लावतात, पडद्यावर पिवळा त्रिकोण आणि आत उद्गारचिन्ह दिसलं की कपाटातून आपली वही काढतात. कोणत्या मॉडेलला कोणता ड्रायव्हर, कुठल्या सालचा, कोणत्या पेनड्राइव्हवर, हे सगळं त्या वहीत बारीक अक्षरात. बाकी कुठे काही बोलायची वेळ त्यांच्यावर येत नाही. दिवसाला चाळीस शब्द त्यांना पुरतात, आणि त्यातले आठ एकाच वाक्याचे असतात: “आधी बंद करा. दहा मोजा. मग चालू करा.”

घरातले सगळे फोनही तेच लावून देतात. जुन्यातलं नव्यात घालायचं, फोटो काढून घ्यायचे, काकूंच्या फोनला काकांचा कॉम्प्युटर दाखवायचा. एक नियम मात्र कडक. वायर जोडली, ड्रायव्हर बसला, फाईली जायला लागल्या की साडू खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतात. दुसऱ्याचा फोन उघडा असताना त्याच्याकडे बघायचं नाही. आमच्या पुतणीनं एकदा त्यांना असं बसलेलं पाहून विचारलं, काकांना शिक्षा झालीय का? त्यावरही आम्ही हसलो. आम्ही कशावरही हसायचो. सहलीला निघालो की त्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवून ‘दोन ड्रायव्हर, एक गाडी’ म्हणायचो. वाढदिवसाला मी त्यांना खेळण्यातलं स्टिअरिंग दिलं. त्यांनी ‘आभारी आहे’ म्हणून ते कपाटात ठेवलं, जपून ठेवतात तसं.

आणि आमचा एक ग्रुप होता. फोनवरचा, घरातल्या नऊ जणांचा. ॲडमिन अस्मादिक. नाव ‘ड्रायव्हर सापडला नाही’. कॉम्प्युटर जे वाक्य दाखवतो तेच. घरात साडू सोडून सगळे त्यात होते.

सगळे म्हणजे ताईसुद्धा.

ताई एका शाळेच्या कचेरीत होत्या आणि नक्कल करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुख्याध्यापिका, शिपाई, शेजारीण, टीव्हीवरचा बातम्यावाला, कोणीही. मी ताटाचं स्टिअरिंग करतो ती पोरकट गंमत. ताई नुसता श्वास घ्यायच्या आणि साडू समोर उभे राहायचे. तो नाकातला ‘हंऽ’, मग दोन सेकंदांची पोकळी, मग सपाट, कोरडं वाक्य. त्या ते बोलून ग्रुपवर पाठवायच्या आणि बाकी आठ जणांकडून हसण्याचे चेहरे, कधी बोलून पाठवलेलं खदखदणंही परत यायचं. पहिल्या पहिल्यांदा त्यात लाड होता. शेगडी पेटत नाही, तर साडूंच्या आवाजात, “हंऽ. आधी बंद करा. दहा मोजा.” पुढे पुढे त्याला नखं फुटली. लग्नाच्या विसाव्या वाढदिवशी त्यांनी एक पाठवला. आधी सांगितलं की मी ह्यांना विचारलं, मी आवडते का तुम्हाला? आणि मग उत्तर, हुबेहूब: “हंऽ. डिव्हाइस जोडलेलं आहे. ओळखता आलेलं नाही.”

तो प्रश्नसुद्धा त्यांनी साडूंच्याच सुरात सांगितला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आवाज काढायला लागल्या की त्या मधे थांबायच्या नाहीत. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत साडूच. आणि बोलून पाठवायच्या त्या फक्त ह्याच नकला, बाकी सगळं लिहून.

मीही बोलूनच उत्तर धाडलं, ‘ताई, वन्स मोअर.’

शेवटचा त्यांनी दवाखान्यातून पाठवला, जाण्याआधी अकरा दिवस. साडू दिवसभर खाटेशेजारी स्टुलावर बसायचे, आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे यंत्रांच्या वायरी नीट बसल्यात का ते बघायचे. ताईंनी धाप लागत असताना, पण एकही सूर न चुकवता, ते करून दाखवलं: “हंऽ. वायर ठीक आहे. पेशंट जुन्या मॉडेलचा आहे. ह्याचा सपोर्ट बंद झालाय.”

आम्ही सगळे तेव्हाही हसलो. हसणारे चेहरे पाठवले, त्याखाली एकदोन रडणारे. ही मात्र न्हाणीघरात जाऊन बसली.

तर हे सगळं त्या फोनमध्ये होतं.

त्या रविवारी घरी परतताना बसमध्ये हिच्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर बिचारीला बहिणीचा आवाज एवढंच सुचलं होतं. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि विचारलं, त्या फोनमध्ये ते सगळं असेल का हो? मी म्हटलं, असणारच. मग तिनं विचारलं, पण फोन तर फुटला ना? तिच्या स्वरात जी आशा होती ती ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं. मनातल्या मनात मी माझ्या टाचेचे आभार मानले.

पण साडूंपुढे मुका फोन ठेवायचा आणि ते सोडून देतील म्हणायचं, हे होणारं नव्हतं. मंगळवारी त्यांचा निरोप आला. फोनमध्ये जीव आहे, फक्त डोळे गेलेत. म्हणजे पडद्यावर चित्र येत नाही, पण बोट लावलं तर त्याला कळतं. चुकीचा पॅटर्न काढला की थरथरतो. नवा पडदा मिळत नाही, फोन काढणारी कंपनी केव्हाच बंद पडली, चार दुकानांनी हात वर केले. तेव्हा आता वायरनंच काढायचं. आणि तुमच्याकडे अगदी तसाच फोन आहे, तो घेऊन या.

होता खरा. दोघी बहिणींनी एकाच दिवशी एकसारखे दोन फोन घेतले होते. हिचा आमच्या खणात सुतळी आणि जुन्या किल्ल्यांखाली पडला होता. सापडला नाही असं सांगूया का, हे ही मला म्हणाली नाही आणि मीही हिला म्हणालो नाही. दोघंही नुसते खणासमोर उभे राहिलो. मग तिनं तो काढला आणि चार्जिंगला लावला.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा साडूंनी टेबल पुसून ठेवलं होतं. फुटक्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी अशी लावली होती की बोट कापू नये. शेजारी फाईलच्या कव्हरचं प्लास्टिक कापून ठेवलेलं, एक बारीक काळं पेन, ती वही. त्यांनी हिचा चांगला फोन चालू केला, त्याच्यावर प्लास्टिक ठेवलं आणि नऊ ठिपके पेननं उतरवून घेतले. मग वायर लावल्यावर ‘फाईल ट्रान्सफर’ हा पर्याय जिथे येतो तिथे एक फुली मारली. आंधळ्या माणसाला जिना चढवण्यापूर्वी पायऱ्या मोजून घ्याव्यात तसं. आता तेच प्लास्टिक ताईंच्या काळ्या पडद्यावर ठेवायचं आणि खुणांवर बोट लावायचं.

त्याआधी ड्रायव्हर. कॉम्प्युटरनं तो घ्यायला साफ नकार दिला. कंपनीच बुडालेली, तिच्या ड्रायव्हरवर सही कोणाची चालणार? ओळखपत्राशिवाय आत सोडणार नाही असा त्याचा हट्ट. साडूंनी कॉम्प्युटर बंद केला, ओठ हलवत दहा मोजले, चालू केला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची यादी आली तिच्यातला सात आकडा दाबला. म्हणजे, त्यांनी हिला सांगितलं, आजचा दिवस सही बघू नको असं त्याला सांगितलं. मी सवयीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हिनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

ड्रायव्हर बसला. मगच वायर.

आता अडचण अशी की फोनची पिन ढिली झाली होती, अर्थातच माझ्या टाचेनं. डाव्या हातानं ती एका ठरावीक कोनात धरून ठेवावी लागत होती, उजवा हात माऊसवर. साडूंना तिसरा हात नव्हता. त्यांनी हिला पॅटर्न काढायला सांगितला. हिनं बोट प्लास्टिकवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मला वाटलं चुकणार. मी मनातून म्हणत होतो, चूक. चूक. बोट वरून खाली गेलं, तिरकं वर आलं, आडवं फिरलं. फोन थरथरला नाही. शांत राहिला. कुलूप निघालं. ही बोट उचलून थेट खिडकीशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

“साडूभाऊ, तुम्ही फुलीवर दाबा,” साडू म्हणाले.

मी बोट नेलं. फुली स्वच्छ दिसत होती. मी ती सोडून अर्धा इंच खाली दाबलं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही. अर्धा इंच. माझ्या मनात तेव्हा काय होतं म्हणाल तर, एकदा चुकीचं दाबलं की कदाचित ते सगळं मिटेल, आणि साडूंना काही कळायच्या आत सगळ्यांची सुटका होईल. साडूंचीही, असं मी त्याला जोडून दिलं होतं. माणूस स्वतःला वाचवताना नेहमी आणखी एखाद्याला हाताशी धरतो.

काही झालं नाही. साडूंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. त्यांच्या पिन धरलेल्या हाताच्या शिरा टरारल्या होत्या. दहा मिनिटं तो हात त्यांनी हलवला नव्हता.

“पुन्हा,” ते म्हणाले.

मी पुन्हा खालीच दाबलं. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसे ते कधीच कोणाकडे बघत नाहीत. रागानं नाही, पिवळा त्रिकोण आलेल्या यंत्राकडे बघतात तसं, काय बिघडलंय ते समजून घेत. मग त्यांनी माऊस सोडला, उजव्या हातानं माझं बोट धरलं, फुलीवर नेलं आणि दाबलं.

कॉम्प्युटरमधून ‘टुंग’ असा आवाज आला. ताईंच्या फोनचं नाव पडद्यावर उमटलं, शेजारी छोटंसं चित्र. त्रिकोण नव्हता. चॅटचे लिहिलेले संदेश असे निघत नाहीत, ते कुलपात असतात, हे साडूंनी आधीच सांगितलं होतं. पण बोलून पाठवलेलं सगळं एका फोल्डरमध्ये सुटं पडलेलं असतं, नाव नाही, गाव नाही, फक्त तारखा. चारशे बारा फाईली होत्या. सगळ्यांत शेवटची तारीख ताई जाण्याच्या अकरा दिवस आधीची. साडूंनी ती वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. माणूस स्टेशनवर कोणाला तरी उतरवून घ्यायला आलेला असावा आणि गाडी दिसावी, तसं. त्या दिवशी स्टुलावर बसलेले असताना ताई तोंडाजवळ फोन धरून काहीतरी बोलत होत्या, हे त्यांना आठवत असणार. ते वायरी बघत होते.

फाईली जायला लागल्या. आणि साडूंनी सवयीनं खुर्ची फिरवली. डावा हात तसाच मागे पिनेवर ठेवून, आपल्या बायकोच्या फोनकडे पाठ करून, ते भिंतीकडे तोंड करून बसले. ही खिडकीशी रडत होती. मी पट्टी पुढे सरकताना बघत होतो. सत्तर टक्के. ऐंशी. तेव्हासुद्धा मला वायर ओढता आली असती. पण तेवढंही धाडस माझ्यात नव्हतं. मुद्दाम म्हणून काही करायचं म्हटलं की माझी मजल अर्ध्या इंचापर्यंत.

सगळं उतरल्यावर त्यांनी त्याच्या दोन प्रती केल्या, आणि आम्हाला अगदी मऊ शब्दांत सांगितलं की आता तुम्ही निघालात तरी चालेल. हिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. “तुझ्यामुळे झालं,” म्हणाले. जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर ही थांबली. म्हणाली, आपण परत जाऊ, सांगू त्यांना, आधी सांगू, मग ऐकू देत. मी म्हटलं, चारशे बारा आहेत, सगळेच कुठे ऐकणार? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की उरलेले तीन मजले मी पुढे आणि ती मागे असे उतरलो.

सोमवारी त्यांचा फोन बंद. मंगळवारी बंद. घरातल्या घरात ग्रुप पटापट रिकामा झाला. काका बाहेर पडले, काकू पडल्या, पुतणीनं मला विचारलं की काय झालंय. शेवटी मी एकटा ॲडमिन उरलो, म्हणजे बुडणाऱ्या बोटीवर टोपी घालून उभा असलेला कप्तान. बुधवारी दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि गोदामात गेलो.

तळघराच्या पायऱ्या ओल्या होत्या, औषधाचा आणि खोक्यांच्या पुठ्ठ्याचा वास येत होता. साडू आपल्या जागी होते. समोर मुक्या फोनांचा ट्रे, उघडी वही, गळ्यात कानाला लावायचा हेडफोन लोंबत होता. दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांनी मला स्टूल दाखवलं. मी बसलो. ते एका फोनला वायर लावून त्याचा ड्रायव्हर शोधत होते, ते थांबले नाहीत.

मी वाटेत भाषण तयार करून आलो होतो. ते सगळं केलं. ग्रुप मीच काढला, नाव माझंच, ताईंना मीच चढवायचो, त्यांचा स्वभावच खेळकर, सगळी थट्टा होती, मनात कोणाच्या काही नव्हतं, घरात तुमच्याइतका मान कोणालाच नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी मधेमधे विनोद टाकतोय. एकदोन तर चांगले होते. साडू वहीत बोट ठेवून ओळ शोधत राहिले.

मी थांबल्यावर ते म्हणाले की ग्रुप त्यांना माहीत होता. माझे तीन फोन त्यांनी बदलून दिले होते. भिंतीकडे वळायच्या आधी एक क्षण पडदा दिसतोच. पाच वर्षांपासून माहीत होतं. घरातले हसतात, हसू देत, असं त्यांना वाटे. आपल्या घरी गेलं की दार लागतं. एवढंच ते बोलले, आणि चाळीसांतले बरेच शब्द त्यात गेले असावेत, कारण मग त्यांनी नुसती मान हलवली, आणि वहीतली ओळ सापडली म्हणून पेनड्राइव्ह काढायला खण उघडला.

किती ऐकले, हे मी विचारलं. सगळे, असं त्यांनी हात फिरवून दाखवलं. चारशे बारा. त्यात आम्हा आठ जणांचं हसणं होतं, माझी फर्माईश होती, आणि बाकी सगळ्या ताई होत्या. दोन दिवस आणि दोन रात्री ते त्या टेबलाशी बसले होते, एकेक फाईल उघडत, पुढची तरी वेगळी निघेल म्हणून.

मला तिथून उठता येईना. दिलासा म्हणून काहीतरी त्यांच्या हातात ठेवावं आणि मग निघावं, असं मला वाटत होतं. शोधता शोधता मला एकच गोष्ट सापडली, आणि मी ती घाईघाईनं पुढे केली. म्हटलं, ते जाऊ द्या हो सगळं. पण ज्यासाठी एवढा खटाटोप केलात, तो ताईंचा आवाज तर मिळाला ना शेवटी?

साडूंनी नाकानं श्वास घेतला.

“माझाच मिळाला.”